बिराप्पाचा दुसरा संसार

गड्या, मी आजवर जेवढं बोललोय ना, तेवढ्या शब्दांनी बिदरच्या किल्ल्याचा खंदक भरेल आणि वर चार गाड्या उरतील. चिंताकीत मला तोफखाना म्हणतात. माणिक हे नाव फक्त रेशनकार्डावर. फौजेत असताना मी वाघाला शिट्टीवर नाचवलाय, ब्रह्मपुत्रेतल्या मगरीच्या पाठीवरून ट्रक पलीकडं नेलाय – हे सगळं गावाला तोंडपाठ आहे. जे गावाला माहीत नाही ते एकच. ते मी बायकोला सांगितलं नाही. ती जाताना तिचा हात माझ्या हातात होता, तेव्हा सांगता आलं असतं – नाही सांगितलं. देवाला सांगितलं नाही, कारण त्याला माहीतच असणार, आणि आपण गप्प राहिलो तर तोही गप्प राहील अशी माझी समजूत.

आणि बघ, बसल्या बसल्या मगर आणलीच मध्ये. तिला हाकलतो. आज एकही जनावर माझ्या मदतीला येणार नाही.

आमच्या गल्लीत मळव्वाकाकू राहायची. भावकीतलीच. आम्ही धनगर, आजोबांपर्यंत मेंढरं होती, मग शेती आली. काकूचा नवरा बिराप्पा निजामाच्या राज्यातून चालत सोलापूरला गेला आणि इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. जनावरं कळणारा गडी, म्हणून त्याला खेचरांच्या पलटणीत घातला. जपान्यांशी लढाई चालली होती, तिकडं मणिपूरच्या डोंगरात दारूगोळा वाहायचा. पाठीमागं सतरा-अठरा वर्षांची बायको आणि मांडीवरची लेक, रत्नव्वा. मग एक तार आली. तारेत मेला असं नव्हतं. बेपत्ता, असं होतं.

बेपत्ता म्हणजे काय रे गड्या? मेलेल्या माणसाला तेरावा असतो, जिवंत माणसाला जेवणाचं ताट असतं. बेपत्त्याला काय असतं? मळव्वाकाकूनं चाळीस वर्षं कपाळावर कुंकू ठेवलं. कुणी म्हणालं नवरा आहे, तरी हो. कुणी म्हणालं नाही, तरी हो. लेकीला घरजावई आणला. नातू झाला. नातवाचं लग्न ठरायला आलं तेव्हा भावकीतली म्हातारी माणसं अडून बसली – घरातला कर्ता ना मेलेला ना जिता, देवकार्य कसं करायचं? अशा माणसाची आमच्याकडं एक रीत आहे. पळसाची पानं आणि पीठ घेऊन माणसाएवढा पुतळा करायचा, त्याचं नाव घेऊन त्याला जाळायचं, सुतक धरायचं, मोकळं व्हायचं. पुतळ्याला जी काकू चाळीस वर्षं नाही म्हणत होती, ती त्या साली हो म्हणाली. फक्त एक अट घातली.

ती अट म्हणजे मी.

मी तेव्हा फौजेत ड्रायव्हर होतो आणि माझी पोस्टिंग नेमकी मणिपूरला होती. रजा संपवून निघालो तेव्हा काकू दारात आली. एका चिठ्ठीवर बिराप्पाचं नाव, गाव, पलटण लिहून आणलेलं. आणि फडक्याच्या पुरचुंडीत बिरोबाचा भंडारा. म्हणाली, "माणक्या, तू तिकडंच जायलास. एकडाव इचार कुणाला तरी. न्हाईच कळलं तर त्या मातीवर एवढा भंडारा टाक. मंग मी पुतळा करते."

एवढंच. डोंगर फोडायला सांगितला नव्हता. विचार – आणि नाहीतर मूठभर हळद मातीवर टाक.

आता मी काय केलं ते सांगतो. इंफाळच्या रस्त्यावर त्या लढाईत मेलेल्या शिपायांची एक जागा आहे. झाडलोट केलेली, दगडावर नावं कोरलेली, फाटकाशी वही घेऊन बसलेला माणूस. त्या फाटकावरून मी वर्षभरात किती वेळा गेलो असेन? शंभर वेळा? मोठा आकडा सांगायची माझी सवय आहे, म्हणून सांगतो – हा आकडा मी कमी करून सांगतोय. प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, परतताना थांबू. परतताना म्हणायचो, जाताना थांबू. गाडी रिकामी असायची, वेळ असायचा. पुढं अर्ध्या तासावर आमचा पत्त्यांचा अड्डा होता, तिथं थांबायला मात्र मला कधी उशीर झाला नाही. बिराप्पाचं नाव त्या दगडांवर आहे की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी खाली उतरलोच नाही.

आणि भंडारा? दसऱ्याला गाड्यांची पूजा होती. हळद कमी पडली. मी पुरचुंडी सोडली आणि ट्रकच्या बॉनेटला फासली. सगळे म्हणाले, वा, काय पिवळीधमक हळद आहे. मी म्हणालो, आमच्याकडची.

हा आळस झाला. आळसाला माफी असते असं मी इतकी वर्षं मनाशी घोकलंय. पण मी जे सांगायला बसलोय तो आळस नाही.

पुढच्या रजेला गावी आलो. पुतळ्याचा दिवस ठरलेला – चार दिवसांवर. पळसाची पानं आणून काकूच्या पडवीत सावलीला पसरलेली मी येताना पाहिली. मी ठरवून आलो होतो की सांगायचं, काकू, खूप विचारलं, काही कळलं नाही. हेही खोटंच, पण निरुपद्रवी. तसं सांगितलं असतं तर आज मी हे लिहीत नसतो, मगरीचं काहीतरी सांगत असतो.

पण वाटेत खाजामियाँचं हॉटेल लागलं. दहा-बारा माणसं बसलेली. मला बघताच गलका – आली तोफ आली, काडी लावा! मला बसवलं, चहा दिला. खाजामियाँनं बशी पुसता पुसता विचारलं, "क्यूँ मियाँ, बिराप्पा मिला क्या नै मिला?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. गड्या, तुला ठाऊक नाही ते काय असतं. बारा माणसं तुझ्या तोंडाकडं बघतायत आणि तुझ्याकडं सांगायला 'नाही' एवढंच आहे. नाही म्हटलं की ती माणसं पुन्हा आपापल्या चहाकडं वळणार. मला ते सोसत नाही. कधीच सोसलं नाही.

मी म्हणालो, "मिला म्हणजे? जेवून आलोय त्याच्या घरात!"

आणि मग सुटलो. बिराप्पा मेला नाही, ठणठणीत आहे. डोंगरात राहतो. अननसाची बाग आहे – एकेक अननस आपल्या भोपळ्याएवढा. दोनशे मेंढरं आहेत, धनगर कुठं गेला तरी मेंढरं सोडतो होय? माझी बोली ऐकून रडला, चिंताकीच्या विहिरीला पाणी आहे का म्हणून विचारलं. इथवर सगळे गप्प होते. एक-दोघांचे डोळेही ओले झाले. गप्प माणसं मला आवडत नाहीत. मला हशा पाहिजे होता. म्हणून मी वर एक झालर लावली – बायको केलीय त्यानं तिकडं! लाल गालाची, ही एवढी गोरी, आणि तीन पोरं, तिघांची नाकं बसकी पण कान मात्र बिराप्पाचे!

हॉटेल फुटलं हसून. खाजामियाँच्या हातातली बशी पडली.

अजूनही तू म्हणशील, थट्टा होती. तोफखान्याची गोष्ट कोण खरी मानतो? तेच मी म्हणत होतो. पण जिला मानायची असते तिचं काय?

दुपारी काकू घरी आली. मी जेवत होतो. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "माणक्या, हाटेलात काय सांगायलास? खरं हाय का तुझ्या त्या वाघावानी हाय?"

बघ, तिनं मला वाट करून दिली होती. वाघ असं तीच म्हणाली. मी नुसता हसलो असतो तरी झालं असतं. पण हसलो असतो तर पुढचं विचारलं असतं तिनं – मग खरं काय? वहीत बघिटलास का? भंडारा टाकलास का? आणि माझ्या ट्रकचं बॉनेट माझ्या डोळ्यांपुढं आलं.

मी म्हणालो, "खरं हाय काकू."

"त्येचा कान बघिटलास?"

बिराप्पाच्या डाव्या कानाची पाळी लहानपणी मेंढरांच्या कुत्र्यानं तोडलेली. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली खूण. मी ताटावरून मान न उचलता म्हणालो, "डावी पाळी न्हाई."

तिनं दाराची चौकट धरली. मग आणखी एक प्रश्न विचारला. त्याचं मी उत्तर दिलं. ते उत्तर – थांब, ते पुढं सांगतो. इथं हात चालत नाही.

पुतळा झाला नाही. जित्या माणसाला कोण जाळतं? पडवीतली पळसाची पानं शेळ्यांनी खाल्ली. नातवाचं लग्न झालं, देवकार्याला कुणी अडलं नाही, कारण कर्ता जिवंत होता ना, लाल गालाच्या बाईजवळ! पितरांच्या पंधरवड्यात सगळ्या गल्लीतल्या मेलेल्यांना भात-खीर मिळायची, बिराप्पाला नाही. काकू कुंकू लावत राहिली, पण आरशात बघून, कुंकवाचं बोट कपाळाला टेकताना रोज एक शिवी हासडायची. "जळ तिकडंच!" गल्लीतली पोरं ती ऐकायला ओट्यावर येऊन बसायची. मीही रजेवर असलो की हसायचो. हो, मीही.

बारा-तेरा वर्षांनी ती गेली. सवाष्ण गेली. हिरवं लुगडं, हातभर चुडा, मळवट भरलेला. बाया म्हणाल्या, नशीबवान, कुंकवानं गेली. तिरडीचा पुढचा उजवा दांडा माझ्या खांद्यावर होता.

मी पेन्शनीवर आलो. बिदरजवळ कोळारच्या एका गोदामावर काही वर्षं राखणदार होतो, तिथंही बारा माणसं जमवून वाघ नाचवला. बिराप्पाची गोष्ट मात्र पुन्हा कधी सांगितली नाही. कुणी सांग म्हटलं तरी नाही. तेवढ्यावरून गावानं ओळखायला पाहिजे होतं, नाही का?

मग मागच्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, काकूच्या लेकीच्या, रत्नाक्काच्या दारात जीप उभी राहिली.

रत्नाक्का आता ऐंशीच्या पुढं. कमरेत वाकलीय, पण जीभ आईची. जीपमधून उतरले तिघं – बिदरहून आलेला एक सुभेदार, हिंदी बोलणारी दुभाषी पोरगी, आणि एक जपानी म्हातारा. हा इतका वाकून नमस्कार करत होता की रत्नाक्काची कोंबडीसुद्धा त्याच्याकडं मान वाकडी करून बघत राहिली. – बरं, कोंबडी राहू दे. कोंबडी नव्हती.

त्या म्हाताऱ्याचा चुलता त्याच डोंगरात, त्याच लढाईत, आमच्या पलटणींवर गोळ्या झाडता झाडता बेपत्ता झालेला. वर्षानुवर्षं ही माणसं तिकडं येतात, खेड्यातल्या लोकांना विचारतात, खणतात, आपल्या माणसांची हाडं शोधतात. त्या खणण्यात एका उतारावर त्यांना हाडं लागली आणि हाडांजवळ पितळेचा तांब्या. त्यांना हवा होता जपानी शिपाई. हा तांब्या काही जपानी नव्हता. माती झाडून ती माणसं निघून गेली असती तर कुणी विचारलं असतं? पण त्यांनी तो पुसला, फोटो काढला, त्यांच्या सरकारला दिला, त्या सरकारनं आपल्या सरकारला दिला, आणि इकडं कुणीतरी वाचलं. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात ना, कोण, कुठला, कुणाकडून – तसं होतं. "बिराप्पा लक्ष्मण, चिंताकी, सासऱ्याकडून." फौजेनं दिलेला बिल्ला कुजून गेला असेल. सासऱ्याचा तांब्या टिकला.

पण तांब्या कुणाच्याही पडशीत असू शकतो. हाडं बिराप्पाचीच हे ठरवायला पोटच्या लेकीच्या गालातून कापसाची काडी फिरवून न्यायची होती. एवढ्यासाठी तो म्हातारा समुद्र ओलांडून आलेला. त्याचा स्वतःचा चुलता अजून सापडलेला नव्हता.

दुभाषी पोरगीनं सगळं समजावून सांगितलं. रत्नाक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाई देत."

सुभेदार म्हणाला, "अक्का, तुमचे वडील हायेत ते."

"माझा बाप लढाईत मेला न्हाई. त्यानं तिकडं दुसरी केली, तीन लेकरं काढली. तांब्या इकला आसंल कुणाला तर, माझ्या आज्याचा तांब्या! त्या मानसासाठी मी थुकीबी देत न्हाई. माझी माय त्येला शिव्या देत देत मेली." आणि तिनं बोट केलं. "खोटं वाटायलंय व्हय? इचारा ह्येला. ह्येनं बघिटलाय डोळ्यांनी. जेवलाय तिथं."

गल्ली भरलेली होती. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. पुन्हा तेच – पण यावेळी मला वाटत होतं, कुणी बघू नये.

सुभेदारानं कागद काढला. म्हणाला, लढाईनंतर जिवंत भेटला असेल तर ही हाडं दुसऱ्या कुणाची तरी. तसं लिहून द्या, सही करा, आम्ही फाईल बंद करतो. जपानी म्हाताऱ्याला अर्धवटच कळत होतं. तो माझ्याकडं बघून, मी या घरच्या माणसाला भेटलेला माणूस म्हणून, आणखी एकदा वाकला.

सांग गड्या, त्यावेळी काय कठीण होतं? 'मी खोटं बोललो.' तीन शब्द. आयुष्यभर तीस-तीस हजार शब्द एका बैठकीत ओतणारा मी. मी म्हणालो, "आता आठवत न्हाई सायेब. वय झालंय." सही केली नाही, तेवढाच काय तो माझा पराक्रम. सुभेदार म्हणाला, उद्यापर्यंत आम्ही बिदरला आहोत. जीप गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रत्नाक्काकडं गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो, शपथ घेतो – नको, माझ्या शपथेला काय अर्थ? ती शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो. तिनं विचारलं, "काय रं, तोंड कामून पाडायलास?" आणि माझ्या तोंडून निघालं ते असं – "अक्का, रातभर इचार केला. मला वाटायलंय, मी भेटलो तो आपला बिराप्पाअप्पा नसंल. दुसराच कुनी बिराप्पा आसंल. उदगीरकडचं कायतर गाव सांगत होता. मी तरणा होतो, घोटाळा झाला माझा."

बघितलंस? एक खोटं काढायला दुसरं घातलं. काट्यानं काटा, म्हणतात तसं. पहिलं खोटं मी हशासाठी सांगितलं होतं. हे मी विचार करून, रात्रभर जुळवून, नीट घासूनपुसून आणलं होतं.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मंग कानाची पाळी?"

"मला तसं वाटलं आसंल, अक्का."

ती म्हणाली, "म्हंजी माझी माय रांडव होती रं. मी तिला हिरवं नेसवलं." रडली नाही. शेंगांचं सूप बाजूला सारलं, तोंड धुतलं आणि नातवाला म्हणाली, गाडी काढ, बिदरला जायचंय.

काडीनं सांगितलं – तिचाच बाप. सरकारनं हाडांची राख मडक्यात घालून पाठवली. तो जपानी म्हातारा पुन्हा आला, सोबत बसून राहिला. औरादपासून जनवाड्यापर्यंतची माणसं आली होती. शाळेच्या मैदानात सुभेदारानं भाषण केलं की एकेकाळचे शत्रू आज एकमेकांची माणसं घरी पोचवतायत, आणि मग म्हणाला की या कामात गावच्या माजी सैनिकानं मन मोठं करून आपली चूक कबूल केली म्हणून हे झालं. टाळ्या पडल्या. मला शाल घातली. मी घालून घेतली.

त्या दिवशी अक्का मला म्हणाली, "तुझा काय दोष? तुला फशिवलं त्या मानसानं."

आता तो प्रश्न सांगतो. काकू चौकट धरून उभी होती. तिनं विचारलं, "माझं नाव काढला का रं?"

आणि मी म्हणालो, "न्हाई."

का? तो रडला, विहिरीचं विचारलं, इतकं सगळं मीच त्याच्या तोंडी घातलं होतं. बायकोचं नाव घालायला काय पडलं होतं? पण हो म्हटलं असतं तर ती म्हणाली असती – मला घेऊन चल. पत्ता दे. पत्र नेऊन दे. माझ्यामागं कटकट लागली असती. म्हणून मी तो दरवाजा लावून टाकला. माझी रजा नीट जावी म्हणून. चाळीस वर्षं जिनं वाट बघितली तिला मी सांगितलं की त्याला तू आठवत नाहीस. आणि तो बिचारा तेव्हा मातीखाली होता, तिच्या बापाचा तांब्या उशाला घेऊन. ती पुढची बारा-तेरा वर्षं ज्याला शिव्या देत होती तो तिला सोडून कुठंही गेलेला नव्हता.

इथं थांबलो असतो, पण पुढं झालंय ते जास्त वाईट आहे.

तेराव्यानंतर रत्नाक्कानं मला बोलावून घेतलं. "माणक्या, मंग तो दुसरा बिराप्पा कोण रं? उदगीरकडचा? त्येच्या घरची मानसं वाट बघत आसतील की. त्येचीबी कोन तर मळव्वा आसंल." मी म्हणालो, जाऊ दे अक्का, आता कोण राहिलंय. ती माझ्यावर खवळली. "परक्या देशाच्या मानसानं, ज्येच्या चुलत्यावर माझा बाप गोळ्या न्हेत होता, त्यानं माझा बाप हुडकून दिला. आन मी दोन तालुके पलीकडं एक घर हुडकू नको?"

तिनं सुभेदाराकडं अर्ज दिला. जपानी म्हाताऱ्याला नातवाकडून पत्र लिहवलं. त्याचं उत्तर आलंय – डोंगरातल्या खेड्यांत अननसाची बाग असलेल्या, दोनशे मेंढरं पाळणाऱ्या माणसाची, त्याच्या तीन मुलांची चौकशी करतो म्हणून. ऐकलंस? माझ्या तोंडातून हॉटेलात पडलेल्या माणसाला आता दोन देश शोधतायत. आपला चुलता बाजूला ठेवून एक म्हातारा ते डोंगर चढतोय.

आणि अक्का दर गुरुवारी बसनं उदगीरकडं जाते. एकेका गावाच्या पारावर बसते आणि विचारते, तुमच्यातलं कुणी लढाईला जाऊन परत आलं नाही असं आहे का? कंबर वाकलेली, ऐंशीच्या पुढची बाई. तिची पिशवी कोण धरतं, सांगू? मी. चार गुरुवार झाले.

गेल्या गुरुवारी एका गावात एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. त्याचा थोरला भाऊ त्याच लढाईला गेलेला, परत न आलेला. नाव बिराप्पा नव्हतं, भीमाप्पा होतं. म्हणाला, नावात घोटाळा होऊ शकतो की. "तिकडं लेकरं हायेत म्हणता? तीन? आमच्याकडं त्येच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा तसाच ठिवलाय." अक्कानं माझ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं माझा हात धरला आणि विचारलं, "उंच होता का हो? आमचा भीमाप्पा उंच होता."

मी मान हलवली. हो अशी.

तर ऐक. मला मणिपुरात कुणीही भेटलं नाही. बिराप्पा नाही, भीमाप्पा नाही. बाग नाही, बाई नाही, लेकरं नाहीत. तो माणूस उंच नव्हता आणि बुटकाही नव्हता. भंडारा मी ट्रकला लावला. मी फाटकाशी थांबलो नाही. काकूला जे 'न्हाई' मिळालं ते बिराप्पाचं नव्हतं, माझं होतं.

हे कागद घेऊन मी गुरुवारी बसस्टँडवर जाईन. अक्का वेळेच्या आधी येते, बाकावर बसते. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून, मगरीसकट. त्यावर ती जे करेल ते तिचं. बस आली की मी चढेन. त्या गावातला म्हातारा भावाच्या तुकड्यावरचं तण काढून ठेवतो म्हणाला होता, त्याच्या आत तिथं पोचायला पाहिजे.